आधी पाणी

माडबंदर शहरात जेट्टीपासून टेकडीवरच्या जुन्या मशिदीकडे चढत जाणारी एक बोळ आहे. तिच्या मध्यावर, चढणाऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात नेमक्या त्याच वळणाला, एका घराच्या जोत्याला टेकून एक काळा दगड आहे. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढा. भर वैशाखात शहरातल्या विहिरी तळ दाखवतात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि या दगडाची डावी कड मात्र ओली असते. हात लावला तर ओल हाताला येते. नगरपालिकेची माणसं नळ फुटलाय का ते बघायला येऊन गेली. नळ फुटलेला नव्हता. तसाही मोहल्ल्यात नळ आला तो अलीकडे, आणि दगड ओला आहे तो त्याच्या कितीतरी आधीपासून.

या वस्तीच्या तोंडाशी लावलेल्या पाटीवर 'मूर मोहल्ला' असं लिहिलं आहे. फिरंगी लोक दर्यावर भेटेल त्या मुसलमानाला मूर म्हणायचे. ते नाव त्यांच्या नकाशात राहिलं आणि नकाशातून पाटीवर आलं. इथं राहणारे मात्र नुसतं 'मोहल्ला' म्हणतात. पाटीपासून मशिदीपर्यंत पाहुण्यांना संध्याकाळी चालवत न्यायचं, वाटेत घरं दाखवायची आणि दगडापाशी बसवून त्याची हकिकत सांगायची, हे काम दाऊदखालू सारंग करतात. खालू म्हणजे मावशीचा नवरा, पण त्यांना सगळेच खालू म्हणतात.

त्या संध्याकाळी खालूंना चालायचं नव्हतं. जन्म बोटीवर गेला, डोलत्या फळीवर कधी तोल गेला नाही, आणि आता या न हलणाऱ्या चढाने गुडघ्यांचा जीव काढला होता. पण गुडघ्यांपेक्षा मन जास्त थकलं होतं. त्यांचा मुलगा मुनाफ आखातात बोटीवर होता. कंपनी बुडाली, बोट कुठल्याशा बंदरात अडकून पडली, आणि कित्येक महिने मुनाफ त्याच बोटीवर बिनपगारी, अर्धपोटी बसून होता. अधूनमधून फोन यायचा, त्यात वाऱ्याचाच आवाज जास्त. परवा मुंबईहून निरोप आला, 'सुटलो, निघालोय.' त्यानंतर फोन बंद.

खालूंच्या मनात एकच प्रश्न होता. राहणार आहेस, का परत जाणार? घर विकत घ्यायला माणूस तयार होता. मुंबईचा पुतण्या रोज सांगत होता, "चाचा, एकटे किती दिवस काढणार, इथं या." खालू त्याला सांगायचे, मुनाफ आला की ठरवू. मुनाफ राहिला तर घर राहील. नाही राहिला तर चावी द्यायची आणि मुंबईच्या कुठल्यातरी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचं. खालूंना ते नको होतं, अगदी जीवापासून नको होतं. पण नको म्हणायलासुद्धा घरात दुसरं माणूस लागतं.

त्यातून त्या दिवशी पाण्याची पाळी त्यांची होती. पाळी म्हणजे काय, ते पुढे येईलच. एका हातात मडकं, दुसऱ्या हातात काठी, खांद्याच्या पिशवीत वाटी आणि दिवा असे ते पाटीपाशी उभे होते.

पाहुणे चौघे होते. पुण्याचं एक नवीन जोडपं, त्यांचा एक अबोल मित्र आणि बार्शीच्या निवृत्त शाळामास्तरीण गरडबाई. गरडबाई एकट्याच प्रवासाला निघाल्या होत्या, आणि एकटं माणूस प्रवासात जितकं बोलतं तितकं त्या बोलत होत्या. समोर माणूस दिसला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कुठलं तुमचं?" जेट्टीवर जाळं शिवणाऱ्याला त्यांनी तो विचारला. सांदण विकणाऱ्या म्हातारीला विचारला. बोळीतून घाईघाईने उतरणाऱ्या पोस्टमनलासुद्धा थांबवून विचारला, तेव्हा तो शेजारच्याच तालुक्यातला निघाला आणि बाईंना फार बरं वाटलं.

"मडकं द्या इकडं," त्या खालूंना म्हणाल्या. "गुडघे दुखतायत तुमचे, दिसतंय मला."

"नको बाई. ज्याची पाळी त्यानंच उचलायचं असतं."

"आणि घरात दुसरं कुणी नाही?"

"आहे," खालू म्हणाले. "येतोय."

बोळ चढताना त्यांनी नेहमीच्या गोष्टी दाखवल्या. हा दिंडीदरवाजा, याचं लाकूड मलबारातून आलं. ही खिडकी बघा, बाहेरून आतलं दिसत नाही, आतून बंदरातली शिडं मोजता येतात. हे घर बंद, मंडळी कुवेतला. हे बंद, हे लोक मुंब्र्याला गेले. हे उघडं आहे, पण राहणारी बाई आजारी असते. पुण्याच्या मुलीला बंद दारांचे फोटो फार आवडत होते. खालू थांबून तिला फोटो काढू देत होते, कारण तेवढाच गुडघ्यांना आराम.

वळणाशी आल्यावर त्यांनी मडकं खाली ठेवलं आणि पाहुण्यांना समोरच्या पायऱ्यांवर बसवलं. दगडावर कुणाला बसू दिलं नाही. गरडबाईंनी ओल्या कडेवर बोट फिरवलं, बोट डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि त्या पायरीवर जाऊन बसल्या.

मग खालूंनी हकिकत सांगायला सुरुवात केली. ती इतक्या वेळा सांगून झाली होती की त्यांचा आवाज त्या वाटेने आपोआप चालायचा. त्या दिवशी मात्र तो मध्ये मध्ये अडखळत होता.

असं सांगतात, की तेव्हा मोहल्ल्याचं सगळं जगणं गलबतांवर चालायचं. नारळी पुनवेनंतर गलबतं मस्कत, बसऱ्याकडे निघायची आणि पुढच्या मृगाच्या आधी परत यायची. मधल्या काळात घरांत बायका, पोरं आणि म्हातारे. खबर यायची ती दुसऱ्या गलबतावरून आलेल्या एखाद्या माणसाबरोबर. असा माणूस बंदरात उतरला की त्याची धडगत नसे. सगळा मोहल्ला त्याच्यावर तुटून पडायचा. माझा भाऊ भेटला का, माझ्या नवऱ्याचा ताप उतरला का, माझ्या पोराने पागोटं घेतलं का. जिचा आवाज मोठा तिला खबर मिळायची आणि गरिबाची बायको मागे उभी राहून रडत घरी जायची.

म्हणून मोहल्ल्यातल्या शहाण्या माणसांनी एक नियम घातला. विचारायचं पाळीने. सगळ्यांत लहान खलाशाचं घर सगळ्यांत आधी, मग त्याच्या वरचा, मग सुकाणूवाला, आणि गलबताचा धनी जो नाखवा, त्याचं घर सगळ्यांत शेवटी. कारण माणसं दर्यावर नेली नाखव्याने. इतरांचा हिशेब लागल्याशिवाय त्याच्या घराने तोंड उघडायचं नाही. नियम चांगला होता, त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. गोरगरिबांच्या बायका दुवा देऊ लागल्या.

हा दगड ज्या घराच्या जोत्याला आहे, ते घर तेव्हा हसन नाखव्याचं होतं. त्याची बायको रुकय्याबी. हा नियम तिच्याइतका कुणी पाळला नाही. खबर आली की ती स्वतः बायकांना पुढे करायची, एखादी लाजत असेल तर तिच्या वतीने विचारायची, आणि मग शेवटी, सगळ्या पांगल्यावर, हळूच आपलं विचारायची. मोहल्ल्यात तिला मान होता, आणि त्या मानाचा तिला थोडा अभिमानही होता, म्हणे.

तिला एकच मुलगा, इद्रिस. नवसाने झालेला, म्हणून लहानपणी त्याचा उजवा कान टोचून त्यात चांदीची बारीक तार घातली होती. मिसरूड फुटायच्या आधीच तो बापाबरोबर गलबतावर गेला. त्या खेपेला गलबत बसऱ्याला न जाता दुसऱ्याच दूरच्या किनाऱ्याला गेलं, चार मोसम तिकडेच राहिलं आणि पाचव्या मोसमात यायला निघालं. मृग आला. गलबत आलं नाही. पावसाळा ओसरला. नारळ दर्यात पडले, दुसरी गलबतं निघूनही गेली. हसन नाखव्याच्या गलबताचं नावही कुणी काढेना.

आणि मग एका संध्याकाळी, मगरिबची अजान होऊन गेल्यावर, एक माणूस या बोळीतून वर आला. दर्याच्या वाटेने नव्हे, किनाऱ्याकिनाऱ्याने, पायी. उन्हाने करपलेला, दाढी छातीपर्यंत आलेली, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. कुणाशी न बोलता तो इथवर चढला आणि या दगडावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा उतरवून ठेवल्यासारखा पडला. नाखव्याच्या दारात बसलाय म्हणजे नाखव्याच्या गलबताची खबर घेऊन आलाय, हे लोकांनी ताडलं. घटकेत बोळ भरून गेली.

त्याला बघून रुकय्याबी आत गेली आणि वाटीभर पाणी घेऊन दारात आली. पण तोवर तिच्या आणि त्याच्या मध्ये बायका उभ्या होत्या, आणि पाळी सुरू झाली होती.

"माझा कासम?" पहिलीने विचारलं. तो कासम सगळ्यांत धाकटा खलाशी होता.

"राहिला," तो म्हणाला. दर्यात राहिला, असं त्या वेळी म्हणायचे. बुडाला, मेला म्हणत नसत.

"जाताना काही बोलला?"

"तुझं नाव घेतलं."

मग दुसरी आली, मग तिसरी. कुणाचा भाऊ, कुणाचा बाप. प्रत्येकीला तो उत्तर देत होता, राहिला. आणि प्रत्येकीला वर काहीतरी देत होता. तुझ्या हातचं कालवण आठवत होता. धाकटीला जप म्हणाला. तुझ्यावरचा राग गेला म्हणाला. वादळात फुटणाऱ्या गलबतावर इतक्या जणांचं बोलणं एका माणसाने ऐकलं असेल का? नसेलच. लोकांना ते तेव्हाही कळत होतं. पण पदरात पडलेलं कुणी टाकून देत नाही.

बोलताना त्याचा आवाज बसत चालला. दर थोड्या वेळाने तो मान उचलून बायकांच्या डोक्यांवरून नाखव्याच्या दाराकडे बघायचा. लोकांना वाटलं, शेवटची पाळी कधी येते ते बघतोय. दारात रुकय्याबी पाणी घेऊन उभी होती. हाताला रग लागली होती. शेजारची म्हणाली, "बुबू, पाणी तरी दे त्याला पुढे होऊन." त्यावर ती म्हणाली, "मी पुढे गेले की वाटेल विचारायला आली. माझी पाळी शेवटची. होऊ दे त्यांचं."

होऊ दे त्यांचं, असं ती म्हणाली आणि उभी राहिली.

सगळ्यांचं झालं. बायका रडत बाजूला झाल्या आणि बोळ मोकळी झाली. रुकय्याबी एका हातात दिवा, एका हातात वाटी घेऊन खाली उतरली, दगडापाशी बसली आणि अदबीने म्हणाली, "भाऊ, आमचा नाखवा?"

"राहिला," तो म्हणाला. ते अगदी जवळच्यालाच ऐकू आलं.

"आणि माझा इद्रिस?"

याचं उत्तर आलं नाही. तिने वाटी त्याच्या ओठांना लावली. पाणी आत गेलं नाही. हनुवटीवरून, दाढीवरून ओघळून दगडाच्या डाव्या कडेवर सांडलं. त्याचं डोकं एका अंगाला कललं, केस बाजूला झाले, आणि दिव्याच्या उजेडात तिला उजवा कान दिसला. कानात तार होती.

इथं खालूंनी दगडाच्या ओल्या कडेकडे बोट केलं. पुण्याच्या मुलीने फोन खाली ठेवला होता.

तो खबर घेऊन आलाच नव्हता. तो आपल्या घरी आला होता. पण नाखव्याचा मुलगा होता, नियम त्यालाही ठाऊक होता. आधी इतरांची माणसं, मग आपली आई. त्याने नियम पाळला आणि तिनेही पाळला.

असं म्हणतात, की रुकय्याबी रडली नाही. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिथूनच मोहल्ल्याला सांगितलं. "आजपासून ही पाळी मोडली. या दगडावर जो बसेल त्याला आधी पाणी. मग तो बसेल तेवढा वेळ बसू दे. तू कोण, कुठला, काय खबर, कुणी विचारायचं नाही. त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. माझ्यासारखं कुणी पाणी हातात धरून उभं राहू नका."

ती हयात असेपर्यंत रोज दिवेलागणीला स्वतः इथं मडकं ठेवत होती. आणि त्या दिवसानंतर तिने कुणालाही कुठलाच प्रश्न विचारला नाही, म्हणे. मासे घेताना भावसुद्धा नाही. कोळीण सांगेल तो भाव, हकीम देईल ते औषध. ती गेल्यावर मोहल्ल्यातल्या घरांनी पाळी लावून घेतली, पण ती पाणी ठेवायची. दगडाची ती कड तेव्हापासून वाळलेली नाही.

"आता घरं कमी राहिली," खालू म्हणाले. "पूर्वी पाळी कधी येते याची लोक वाट बघायचे. आता पाठोपाठ येते. झाली हकिकत. चला, वरून बंदर बघून घ्या, दिवे लागतात आता."

त्यांनी दगडाशेजारच्या कोनाड्यात मडकं ठेवलं, वर वाटी पालथी घातली, दिवा लावला. मग सगळे मशिदीच्या पायरीपर्यंत चढले. अजान झाली. खालूंनी नमाज पढली. दुआसाठी हात उचलले तेव्हा मनात काही आलंच नाही, तोच एक प्रश्न आला, आणि तो अल्लालाच विचारून ते उठले. पाहुण्यांनी बंदराचे दिवे पाहिले, फोटो काढले. गरडबाईंनी अजान देणाऱ्या बांगीसाहेबांना गाव विचारलं नाही, हे खालूंच्या लक्षात आलं.

उतरताना वळणाशी आल्यावर सगळ्यांत पुढे असलेले खालू एकदम थांबले.

दगडावर एक माणूस बसला होता. पायाशी फाटकी बॅग, पाठ जोत्याला टेकलेली, डोळे मिटलेले. अंगातला शर्ट दुसऱ्याच कुणाचा वाटावा इतका ढगळ. गालांची हाडं वर आलेली. पाहुण्यांच्या दृष्टीने तो कुणीही असता. खालूंच्या दृष्टीने तो मुनाफ होता. बोळ चढून घरी निघाला होता आणि इथंच त्याचे पाय संपले होते.

खालूंची काठी दगडी पायरीवर खडखडली. त्यांनी तोंड उघडलं.

"मुनाफ, तू..."

"खालू," मागून गरडबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आधी पाणी."

तो कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगा असेल असं तर मनातही आलं नसावं. दगडावर कुणीतरी बसलंय एवढंच त्यांनी पाहिलं होतं. त्या पुढे झाल्या, मग काहीतरी आठवून थांबल्या आणि बाजूला सरल्या. ज्याची पाळी त्यानेच द्यायचं.

खालू दगडापाशी गेले. कोनाड्यातली वाटी सुलटी करून भरताना अर्धं पाणी सांडलं. मुनाफने डोळे उघडले, बापाकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी वाटी धरून पाणी प्याला. पुन्हा वाटी पुढे केली. खालूंनी पुन्हा भरली. तिसऱ्यांदा त्याने पाणी तोंडावर मारलं. पुण्याची मंडळी चपला न वाजवता खाली उतरून गेली. गरडबाई खालूंना नमस्कार करून, तोंडाला पदर लावून त्यांच्या मागे गेल्या.

मग खालू त्याच्या शेजारी बसले. बऱ्याच दिवसांनी त्या दगडावर दोन माणसं बसली होती. बंदरातला भोंगा वाजला. खालूंच्या जिभेवर प्रश्न तसाच होता. राहणार आहेस, का परत जाणार? तो विचारून टाकावा, एकदाचं मोकळं व्हावं, असं त्यांना फार वाटलं. त्याऐवजी त्यांनी त्याची फाटकी बॅग ओढून आपल्या पायाशी घेतली.

मुनाफ बोळीच्या खालच्या टोकाकडे बघत होता. मग तो आपणहून बोलला. आवाज बसलेला होता.

"बाबा, खालच्या वळणावरला दिवा लागत नाय. अंधारात ठेच लागली मना."

"हां. बरेच दिस झाले."

"उद्या बघतो मी."

एवढं म्हणून त्याने डोकं बापाच्या खांद्यावर टाकलं आणि त्याचा डोळा लागला. खांदा अवघडला, गुडघा ठणकू लागला, पण खालू हलले नाहीत. आपण रडतोय हे त्यांना गाल ओले झाल्यावर कळलं.

आजही माडबंदरच्या त्या चढावर दिवेलागणीला मडकं ठेवलेलं असतं, आणि दगडाची डावी कड ओली असते. आजही तिथं बसलेल्याला कुणी काही विचारत नाही. मुनाफ उद्याचं बोलला होता. परवाचं दाऊदखालूंनी विचारलं नाही.